कुंपणाबाहेरची विहीर

वैशाख अर्ध्यावर आला की माझं नाक आपोआप गाळाचा वास शोधू लागतं. पालघरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गाळ कुठून येणार! पावसाळ्याआधी खालचं तुंबलेलं गटार उपसायला घेतात, त्याचा भपकारा वर येतो आणि मी तोंड वाकडं करून खिडकी लावते. पण तेवढ्या वेळात मन गावी, पामला जाऊन आलेलं असतं. आता माळ्यावरचे दोर खाली आले असतील, कोणी शेजाऱ्याकडे पाण्याची मोटर मागायला गेलं असेल, हिराकाकी पडवीत तांदळाचं पीठ चाळत बसली असेल, असं वाटत राहतं. मग लक्षात येतं की यातलं काहीही चाललेलं नसणार. आमच्या विहिरीचा उपसा बंद होऊन दोन-तीन वैशाख गेले, आणि पुन्हा कधी होईल हे विचारायला घरात कोणी धजत नाही.

उपसा म्हणजे विहिरीची वार्षिक आंघोळ, असं माझे वडील म्हणत. पाणी तळाला गेलं की उरलंसुरलं काढून टाकायचं, वर्षभराचा गाळ घमेल्यांनी वर आणायचा, दगडांच्या फटींतून डोकावणारी पिंपळाची रोपटी उपटायची आणि झऱ्यांची तोंडं मोकळी करायची. आळीतल्या प्रत्येक घरातून एक तरी माणूस आलाच पाहिजे, असा न सांगता ठरलेला नियम. जो येणार नाही त्याचं नाव पुढच्या उपशापर्यंत निघत राही. पुरुष खाली उतरत, बायका काठावर उभ्या राहून हुकूम सोडत आणि आम्ही पोरं गाळातून काय निघतं याकडे डोळे लावून बसत असू. काहीतरी निघेच. चेपलेला तांब्या, रबरी चेंडू, कोणाची तरी चप्पल. एकदा तर धाकट्या आत्याचा चांदीचा छल्ला निघाला, जो चोरीला गेला म्हणून तिने शेजारणीशी वर्षभर अबोला धरला होता. त्या दिवशी आत्याला डोकेदुखी झाली आणि ती घरातून बाहेरच आली नाही.

गाळाचा तो वास चांगला होता असं मी म्हणणार नाही. कुजलेली पानं, शेवाळ, बेडकं, सगळं त्यात होतं. पण वाडीच्या कडेला तो पसरून ठेवला की दोन दिवसांत त्याला भेगा पडत, मग त्याची ढेकळं फोडून काकी वांग्यांच्या वाफ्यात घाली, आणि पावसाळ्यानंतर त्याच वांग्यांची भाजी आम्ही बोटं चाटत खात असू. दुपारी सगळ्यांना जेवण: वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, सातपाटीहून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी. चिखलाने माखलेली माणसं कोपरापर्यंत हात धुऊन पडवीत ओळीने बसत आणि पानावरच पुढच्या वर्षीच्या उपशाचे बेत करत. ते दिवस मला फार आवडत. अजून आवडतात.

आमचं गाव बोईसरच्या पश्चिमेला. कारखान्यांच्या भिंती संपतात आणि वाड्या सुरू होतात, त्या शिवेवर. नारळ, केळी, थोडा भाजीपाला, मध्ये कौलारू घर आणि सभोवार कुंपण, असं सगळ्यांचंच. आमचं वेगळेपण एवढंच की आमची विहीर कुंपणाच्या बाहेर आहे, रस्त्याच्या अंगाला. आजोबांनी कुंपण घातलं तेव्हा ती मुद्दाम बाहेर ठेवली. लोकांनी वेड्यात काढलं. आजोबा म्हणाले म्हणे, "मंग वाटसरूनं काय कुंपनावरून उडी मारून पानी प्यायचं?" पोहरा आणि दोर कायम विहिरीवर. दोर झिजला की नवीन यायचा, पण तो रात्री आत न्यावा असं कधी कोणाच्या मनात आलं नाही.

या विहिरीचा सगळ्यात जास्त तोरा मिरवला तो हिराकाकीने. काकी एडवणची, समुद्राच्या काठची. माहेरच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. लग्न होऊन ती पामला आली आणि या विहिरीचं गोड पाणी प्यायली. "तुज्या काकाचं तोंड नीट बगायच्या आदी मला हे पानी आवडलं," असं ती चारचौघांत सांगे आणि काका बिचारे विडी पेटवण्यात गुंग असल्याचं दाखवत. काका गेले, सासू-सासरे गेले, आम्ही पाखरांसारखे पांगलो, पण काकी आणि तिची विहीर जागच्या जागी राहिली. आल्यागेल्याला ती आधी पाणी देई, मग नाव विचारी. उन्हाळ्यात डोंगराकडच्या बाया करवंदं, कैऱ्या, काजू घेऊन सकाळच्या गाडीने बोईसरला उतरत आणि दारोदार विकत समुद्राकडे जात. परतताना त्यांच्या पाट्यांमध्ये बदल्यात मिळालेलं सुकट असे. भर दुपारी त्या आमच्या विहिरीवर टेकत. स्वतःच पोहरा सोडत, पोटभर पीत, भाजलेल्या पायांवर ओतून घेत, आणि काकी कुंपणाच्या अलीकडून त्यांच्याशी जावाजावांसारख्या गप्पा मारी. "या विहिरीवरनं कोनी तहानेला गेला नाय," हे तिचं आवडतं वाक्य. ते ऐकून ऐकून आम्ही कंटाळलो होतो.

वास सगळ्यात आधी मला आला, असं मी सांगते. काकी ते खोडून काढते. तिच्या मते तिला आधीच आला होता, फक्त ती बोलली नव्हती. मी सुट्टीला गेले होते आणि तिने केलेल्या चहाला रंगाच्या डब्याचा वास होता. मी कप खाली ठेवला. "पालघरला राहून नाक शेफारलंय तुजं," काकी म्हणाली. पण तिचाही कप अर्धा भरलेलाच होता. मग भाताला वास येऊ लागला. मग एका सकाळी विहिरीतले मासे उलटे तरंगताना दिसले. डास होऊ नयेत म्हणून सोडलेले ते बोटभर मासे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाढलेले. पाण्यावर ऊन पडलं तेव्हा जांभळे-हिरवे रंग फिरताना दिसले. रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तसे.

काकीचा मुलगा नरेश कारखान्यात फिटर आहे. तो विहिरीवर वाकला, हुंगला आणि म्हणाला, "थिनर हाय. आनी डिझेल." मग तो पाळीला निघून गेला. आमच्या गावात अर्ध्या घरांची चूल कारखान्यांच्या पगारावर पेटते. माझ्या शिक्षणाच्या वेळी माझा भाऊ तिथेच डबल पाळ्या करत होता. त्यामुळे असल्या वेळी कोणावर रागवावं हे आम्हाला चटकन सुचत नाही. राग येतो, पण तो दाराशीच घुटमळतो.

काकीला मात्र काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. "पोट बिगडलं का काय करतो आपन? साफ करतो. विहीर उपसायची. पार कोरडी. जुना पानी सगला जाऊं दे, नवीन झरा येल." एवढं सरळ, एवढं आजवरच्या अनुभवातून आलेलं बोलणं की आम्हाला कोणालाच त्यात खोट दिसली नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांना बरंच वाटलं. काय बिघडलंय ते कळत नव्हतं, पण काय करायचं ते कळलं होतं. आळीत निरोप गेले. त्या वर्षी जितकी माणसं उपशाला आली तितकी मी लहानपणीही पाहिली नव्हती. नोकरीवरून रजा काढून आले. एक मोटर पुरणार नाही म्हणून दोन लावल्या. सकाळपासून पाणी नुसतं ओसंडत होतं आणि काकी पाटाच्या कडेने पदर खोचून धावत होती, कारण एवढं पाणी वाया कसं घालवायचं? तिने ते वांग्यांना सोडलं, दुधीला सोडलं, केळींना सोडलं. वाडीभर पाणी फिरलं. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू घरात कार्य आहे.

तळ दिसू लागल्यावर नरेश उतरला. पहिल्यांदा त्याचा आवाज येत होता, थट्टामस्करी चालली होती, "काकूस, तुजी फनी गावली गो," असं तो शेजारच्या काकूंना ओरडून सांगत होता. मग तो उगाचच हसायला लागला. हसू थांबेना. वरच्यांना वाटलं, पोराला चेव आलाय. मग हसणं एकदम थांबलं. कोणीतरी ओरडलं, दोर ओढा, आणि सगळ्यांनी मिळून ओढला. कमरेला दोर बांधूनच उतरायची आमची जुनी पद्धत होती म्हणून तो वर आला. डोळे लालबुंद, पाय लटपटलेले, ताडी चढल्यासारखा बडबडत होता. मग त्याने काठावरच ओकारी केली. काकी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि वारा घालत राहिली. जेवणं तशीच झाकून राहिली. त्या दिवसाचं बिरडं दुसऱ्या दिवशी कोणाच्याही घशाखाली उतरलं नाही.

सकाळी विहिरीत पाणी आलं होतं. चांगलं पुरुषभर आलं होतं. काकी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी होती. मी तिच्या मागे पोहोचले तोवर तिने पदर नाकाला लावला होता. आदल्या दिवशीपर्यंत पाण्यावर नुसते रंग फिरत होते. आता तवंग होता, तुपासारखा जाडसर, काठाला चिकटलेला. आळीतली माणसं एकेक करून आली, वाकून पाहून गेली. मला आठवतं, एक बाई जाताना काकीच्या खांद्याला हात लावून गेली. मयताच्या घरी लावतात तसा.

पुढे तक्रारी झाल्या, माणसं आली, बाटल्या भरून नेल्या. रस्त्यापलीकडे, जरा चढावर, एक जुनं गोदाम होतं. मालक किती बदलले कोणास ठाऊक, दाराला गंजलेलं कुलूप. त्याच्या अंगणात जमिनीच्या पोटात टाक्या होत्या आणि त्या कधीच्या झिरपत होत्या. कोणाच्या तरी हुकमाने साफसफाईचं काम सुरू झालं. मशिनं आली, हिंदी बोलणारी माणसं आली, "माताजी, ज़रा पीछे हटिए," म्हणत आमच्याच वाडीत आम्हाला मागे सारू लागली. त्यांच्याबरोबर अश्विनी नावाची एक इंजिनिअर मुलगी आली, यवतमाळकडची. ऊन लागू नये म्हणून ओढणी तोंडाभोवती गुंडाळून दिवसभर बोअर मारणाऱ्या मशिनापाशी उभी असे. मुलगी गोड होती. पण खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, आणि त्याचा मला कित्येकदा राग आला.

पहिल्यांदा आला तो उपशाच्या गोष्टीवरून. काकीने तिला अभिमानानेच सांगितलं होतं की आम्ही हात जोडून बसलो नव्हतो, दोन मोटरी लावून विहीर कोरडीठाक केली होती. अश्विनी म्हणाली, "काकू, विहिरीतलं पाणी जोरात ओढलं ना, की आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तिच्याकडे धावतं. टाक्यांतून झिरपलेलं सगळं त्या पाण्यासोबत ओढलं गेलं."

"म्हंजे मी बोलवून आनलं?"

"आलंच असतं, काकू. कधी ना कधी."

"पन मी बोलवलं."

"थोडं लवकर आलं, एवढंच," अश्विनी म्हणाली. मग, बहुधा राहवलं नाही म्हणून, तिने विचारलं की उपसलेलं पाणी कुठे सोडलं होतं. काकीने वांग्यांच्या वाफ्यांकडे बोट दाखवलं.

मला त्या मुलीचं तोंड बंद करावंसं वाटलं. तिची चूक काहीच नव्हती. पण इतकी वर्षं जी गोष्ट आम्ही विहिरीच्या भल्यासाठी केली, सगळ्यांनी मिळून, अंगमेहनतीने, जेवणावळी घालून, तीच नेमकी विहिरीच्या मुळावर यावी, हे मला सहन होत नव्हतं. आम्हाला ठाऊक असलेली घाण घमेल्यात मावत होती. तिला वास होता, वजन होतं, ती डोक्यावरून वाहून नेता येत होती आणि तिच्यावर वांगी पिकत होती. ही कुठली तरी नवीनच घाण होती. तिला जितकं हाकलावं तितकी ती घरात शिरत होती. काकी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर ती विहिरीवरचा पोहरा सोडवत होती. गाठ जुनी होती, सुटेना, तरी तिने कोयता घेतला नाही. नखांनी सोडवली, दोराचं वेटोळं केलं आणि आत नेऊन माळ्यावर ठेवलं.

मग माती काढली. चढाकडची तर काढलीच, वाडीतलीही काढली, जिथे जिथे ते पाणी फिरलं होतं तिथली. वांगी गेली, दुधी गेला, केळींची ओळ गेली. ती माती अशी तशी नव्हती. चार पिढ्यांच्या उपशाचा गाळ खाऊन काळीभोर झालेली, मुठीत घेतली की सुटीसुटी होणारी माती. ट्रक भरून त्यावर प्लास्टिक ताणून बांधत होते. काकीने विचारलं, "कुटं नेतात हिला?" तिथला माणूस म्हणाला, सुरक्षित जागी. ती सुरक्षित जागा कोणाच्या गावात आहे आणि त्यांच्या विहिरी कुंपणाच्या आत आहेत की बाहेर, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. खड्ड्यात बाहेरची लाल माती आणून टाकली. तिच्यात अजून धड गवतसुद्धा उगवत नाही.

आता गोदामाच्या बाजूला आणि आमच्या वाडीच्या कोपऱ्यात बोअर आहेत आणि एक उंच पांढरी टाकी आहे. जमिनीतलं पाणी हळूहळू, अगदी बेताने ओढून त्या टाकीत वरून पावसासारखं पाडतात आणि खालून हवा फुंकतात. थिनर हवेत उडतो, ती हवा कोळशाच्या पिंपांतून जाते आणि कोळसा त्याला धरून ठेवतो. कोळसा म्हटल्यावर काकीचे डोळे चमकले. "आमचा चुलीतला कोलसा नाय चालनार?" अश्विनी हसली, म्हणाली, त्याचाच भाऊबंद आहे, जरा जास्त शिकलेला. रात्रंदिवस ती मशिनं घुमत असतात. नरेशची मुलगी त्या घरघरीत जन्मली. लाईट जाऊन मशिनं थांबली की ती दचकून उठते आणि रडते.

काम होतंय, हे मान्य करायला हवं. तवंग गेला. मग वास गेला. दर काही महिन्यांनी अश्विनी बाटल्या भरून नेते आणि दरवेळी जरा बरी बातमी आणते. काकी तिच्यासाठी टँकरच्या पाण्याचा चहा ठेवते आणि तिचा कप रिकामा व्हायच्या आत विचारते, "आता?"

"अजून नाही, काकू."

"वास तर गेला."

"नाकाला कळणार नाही इतकं उरलंय. पण रोज पोटात गेलं तर शरीराला कळेल. उशिरा कळेल."

"किती वर्सं लागतील?"

अश्विनीने तेव्हाही खोटं बोलायला हवं होतं. "दहा म्हणतात. जास्तही लागतील. खडकांच्या भेगांत शिरलेलं असतं, ते सहजी सुटत नाही."

काकी सत्तरीच्या पुढे आहे. तिने मान डोलावली. "म्हंजे मी काय पिनार नाय," ती म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. दोनच कप होते.

मला वाटायचं, वास होता तेच बरं होतं. वासाला माणूस घाबरतं. आता त्या टाकीतून साफ झालेलं पाणी एका पाइपातून बाहेर पडतं, विहिरीच्या शेजारीच, आणि रस्त्याकडेच्या चरातून वाहत जातं. भर वैशाखात, गाव टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेलं असताना, दिवसभर मनगटाएवढी धार. नितळ, थंडगार, दगडावर आपटून फुटणारी. चरात कावळे आंघोळ करतात. शेजारी पाटी आहे: पाणी पिण्यास अयोग्य. मी शिकलेली, सवरलेली बाई, मलासुद्धा ती धार पाहिली की ओंजळ पुढे करावीशी वाटते. काकी त्या बाजूला बघतच नाही. टँकर आला की मान खाली घालून रांगेत उभी राहते. जिच्या विहिरीवर गाव यायचं ती. मी एकदा म्हटलं, नरेश आणेल ना, तू कशाला? तर म्हणाली, "सवय करतेय."

यंदाच्या वैशाखात मी दोन दिवस पामला गेले होते. दुपारची वेळ. पडवीत बसून आम्ही दोघी चिंचा फोडत होतो. ऊन असं की रस्त्याकडे पाहवत नव्हतं. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई समुद्राकडून बोईसरच्या दिशेने परतताना दिसली. जानी. डोंगराकडून येणाऱ्यांपैकी ती सगळ्यात जुनी, काकीहून थोडी लहान. मधली दोन-तीन वर्षं ती आली नव्हती. गुडघे धरले होते, असं दुसऱ्या बायांकडून कळलं होतं. तिला बघून काकीचा चेहरा फुलला. "जानी गो!" म्हणत ती उठायला लागली, पण तिचेही गुडघे तसलेच, उठता उठता वेळ लागला.

जानीने विहिरीपाशी पाटी उतरवली. पोहऱ्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप. मग तिला पाइपाची धार दिसली. ती हसली, वाकली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नको!" काकी किंचाळली. "ए! हात लावू नको पान्याला!"

इतका कर्कश आवाज मी काकीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जानीने हात असे मागे घेतले की जणू चटका बसला. ती सरळ उभी राहिली आणि कुंपणापलीकडून काकीकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. आश्चर्य होतं, तेही थोडाच वेळ. मग तिचा चेहरा मिटला.

काकी फाटकातून धापा टाकत बाहेर गेली. मीही मागोमाग. "अगो, तसं नाय. पानी खराब हाय. ते गोदाम हाय ना, त्याच्या टाक्या झिरपल्या. हे मशीन बसवलंय. धा वर्सं पियाचं नाय, आमी बी नाय पीत. आमी टँकरचं पितो." ती एका दमात बोलत होती, सगळं उलटसुलट. जानी शांतपणे ऐकत होती. तिने एकदा त्या धारेकडे पाहिलं. उन्हात ती लखलखत होती.

"व्हय, बाय," ती म्हणाली. "म्होरल्या वाडीत बी असंच सांगतात. पानी खराब हाय."

मला पहिल्यांदा अर्थ लागला नाही. काकीला लागला. आमच्या भागात काही घरं अशी आहेत की डोंगराकडच्यांनी विहिरीला हात लावलेला त्यांना चालत नाही. तोंडावर तसं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. म्हणून ते म्हणतात, पाणी खराब आहे. मग घरातली कोणी तांब्या घेऊन बाहेर येते आणि अंतर राखून, वरून ओतते. जानीने ते वाक्य आयुष्यभर ऐकलं असणार. आमच्याकडे तेवढं तिने ऐकलं नव्हतं.

"जानी, तुजी शप्पत. ती पाटी वाच—" काकी म्हणाली आणि थांबली. जानीला वाचता येत नाही.

काकी वळली आणि घरात गेली. माठातलं पाणी तांब्यात भरून, वर भांडं ठेवून, ती जितक्या लवकर येता येईल तितक्या लवकर आली. जानीने तोवर पाटी उचललेली नव्हती. तहान लागली होती तिला, ओठ पांढरे पडले होते. काकीने तांब्या-भांडं तिच्यापुढे धरलं. "घे. माज्या माटातलं हाय. मी पिते तेच."

जानी एक पाऊल मागे सरली, उकिडवी बसली आणि तिने ओंजळ तोंडाला लावली.

"अगो, तांब्या घे ना हातात."

"नको, बाय. वत वरनं. आसंच बरा."

काकी तशीच उभी. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. मी पुढे झाले, पण तिने मानेनेच मला नको म्हटलं. दुसरं काय करणार होती ती? समोर तहानलेलं माणूस होतं. तिने तांब्या कलता केला आणि वरून ओतू लागली. जानी घटाघट प्यायली, मान हलवून पुरे म्हणाली, तोंड पुसलं, पाटी डोक्यावर घेतली आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून गेली.